विषुववृत्ताची शिदोरी

औंधच्या यमाईच्या डोंगराची चढण निम्मी सरली, म्हणजे जेथे श्रीभवानी वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी आहे आणि जेथून खालच्या गावाची कौले व त्यांपलीकडची खटाव-माणची कोरडी, तांबूस माळराने एकाच दृष्टिक्षेपात येतात, तेथे चढणारा माणूस दम खाण्याच्या निमित्ताने घटकाभर थांबतोच. गेल्या वैशाखात, ऊन तापण्यापूर्वी, मी तेथे दोन वृद्ध गृहस्थांच्या संगतीत थांबलो होतो. एक सातारचे, आयुष्यभर महसूल खात्याची दप्तरे सांभाळून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. दुसरे सांगलीचे, हळदीच्या अडतीत ज्यांचे केस पिकले असे. दोघे एकमेकांचे व्याही, दोघांचेही कुलदैवत यमाई, आणि हा संबंध जुळवताना मी मध्यस्थ असल्यामुळे दोघांच्याही स्वभावाची मला पुरती ओळख. एकाची कन्या आणि दुसऱ्याचा पुत्र नोकरीनिमित्त केनियाच्या राजधानीत, नैरोबीस, राहतात. तेथे पाच महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली. आणि त्या नातीला पाहण्यासाठी दोघा व्याह्यांनी आषाढात बरोबरच प्रस्थान ठेवावे असे ठरले होते. सांगलीकरांची ही तिसरी खेप. सातारकरांनी मात्र समुद्र ओलांडला नव्हता, आणि अपरिचित मुलखाविषयी जे काही भयावह म्हणून ऐकावयास मिळते ते सर्व त्यांनी मोठ्या निष्ठेने टिपून ठेवले होते.

पुढील संभाषण मी शक्यतो त्यांच्याच शब्दांत देतो. विषुववृत्ताखालच्या देशास जाऊ इच्छिणाऱ्याला त्यात उपयोगाचा तपशील सापडेल. आणि तपशिलाखाली दडलेला जो एक प्रश्न दोघांनाही अस्वस्थ करीत होता, तो तर परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाचाच आहे.

सातारकर : व्याही, देवीपुढे जाण्याआधी ही फर्द एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. पारपत्र, त्याच्या नकला, पिवळ्या तापाची लस, हिवतापाच्या गोळ्या, मच्छरदाणी. पंधरा सुती सदरे, कारण विषुववृत्त म्हणजे पृथ्वीचा तापलेला पट्टा. दोन महिने पुरेल एवढे पीठ, डाळ आणि मेतकूट. आणि शेवटचे कलम असे की घराच्या आवाराबाहेर शक्यतो पडू नये, आणि अनोळखी माणसाशी बोलू नये.

सांगलीकर : फर्द देखणी आहे, पण तीतली निम्मी कलमे कायम करावी आणि निम्मी खोडावी लागतील. सदऱ्यांपासूनच आरंभ करू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. नैरोबी त्याहूनही हजारभर फूट वर. विषुववृत्तापासून ते अवघे सव्वा अंश दक्षिणेस असले, तरी आपण जाणार त्या आषाढ-श्रावणात तेथे वर्षातली सर्वांत थंड हवा असते. सकाळी ढग उतरलेले असतात आणि म्हातारी माणसे लोकरीच्या टोपीवाचून अंगणात येत नाहीत. सदरे पाच घ्या, आणि महाबळेश्वरास नेता तो स्वेटर घ्या. मोंबासास उतरलो, तर तेथे मात्र रत्नागिरीची दमट हवा मिळेल. सुती कपडे तेथे कामास येतील.

सातारकर : म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाने मला आजवर फसविले म्हणावयाचे!

सांगलीकर : पुस्तकाने नव्हे, आपणच नकाशावरची आडवी रेघ वाचली आणि उभ्या डोंगराकडे पाहिले नाही. विषुववृत्ताजवळच माउंट केनिया हा सतरा हजार फुटांवरचा पर्वत आहे आणि त्याच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. फसवणूक होते ती दुसरीकडे. हवा गार म्हणून आपण डोके उघडे टाकतो. पण सूर्य दुपारी जवळजवळ माथ्यावर असतो, उंचीमुळे हवा विरळ असते, आणि थंडी वाजत असतानाच कातडी भाजून निघते. टोपी आणि पुऱ्या बाह्यांचा सदरा, हे कलम तुमच्या फर्दीत नाही, ते घाला.

सातारकर : घातले. पाऊस?

सांगलीकर : पाऊस तेथे वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा लहान. मधले महिने कोरडे. वन्य प्राणी पाहू इच्छिणाऱ्याने जुलै ते ऑक्टोबर हा काळ धरावा, कारण तेव्हा टांझानियातून निघालेले नू नावाच्या हरिणांचे लक्षावधींचे कळप मसाई मारात येतात. आणि एक गोष्ट आपल्या सातार जिल्ह्याने तर विसरूच नये. जो नैर्ऋत्य वारा ज्येष्ठात आपल्या घाटमाथ्यावर येऊन थडकतो आणि कोयनेचे धरण भरतो, त्याचा मुख्य प्रवाह केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून, सोमालियावरून वळसा घेऊन आपल्याकडे येतो. ज्या मुलखाला तुम्ही परका म्हणता, त्याच्या दारावरून आलेल्या वाऱ्यावर तुमचे पीक उभे राहते.

सातारकर क्षणभर स्तब्ध झाले. परंतु ज्यांचे आयुष्य दाखले तपासण्यात गेले, त्यांना वाऱ्याची साक्ष पुरी पडत नाही, आणि ते योग्यच आहे.

सातारकर : वारा येवो, वाऱ्याला पारपत्र लागत नाही. आपल्याला लागते. तुम्ही दोनदा जाऊन आलात. पिवळ्या तापाचा दाखला तुमच्याकडे कोणी मागितला?

सांगलीकर : नैरोबीस उतरताना तर कोणी विचारलेही नाही. मुंबईहून थेट जाणाऱ्याला तो तेथे लागत नाही. मी पहिल्या खेपेस लस टोचून घेतली ती मुलाच्या आग्रहाखातर. मला विचाराल तर तो सरकारी शिरस्त्याचा भाग आहे, झाले.

सातारकर : येथेच तुमचा हिशेब चुकतो, व्याही, आणि आता माझे ऐका. दाखला जाताना नव्हे, परतताना लागतो. केनिया, युगांडा हे देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तेथून भारतात येणाऱ्याकडे वैध दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार आपल्या सरकारला आहे, आणि तो बजावला जातो. हा शिरस्ता इतका कडक का, याची मी चौकशी केली. डेंग्यू पसरविणारा जो पट्टेरी एडीस डास आपल्या साताऱ्यात, सांगलीत, प्रत्येक उघड्या पिंपावर आहे, तोच डास पिवळा तापही पसरवितो. डास आपल्याकडे मुबलक, लोकसंख्या दाट, आणि आपल्यापैकी कोणालाही त्या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. फक्त रोगाचे बीज अद्याप या देशात आलेले नाही. ते एका प्रवाशाच्या रक्तातून येऊ शकते. तुम्ही लस टोचून घेता ती तुमच्यासाठी जेवढी, त्याहून अधिक हरिपूरच्या आणि करंज्याच्या घराघरांतल्या पोरांसाठी.

सांगलीकर : हे मला खरोखर ठाऊक नव्हते. मी तो कागद समजत होतो.

सातारकर : कागद हाच कित्येकदा धर्म असतो; आम्ही कचेरीत तेच करीत आलो. आता तपशील. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि तिची नोंद पिवळ्या पुस्तिकेत होते. दाखला टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ च्या जुलैपासून तो आजन्म वैध मानला जातो, तेव्हा तुमचा जुना दाखला चालेल. साठीपुढच्या माणसाने मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण या वयात प्रथमच ही लस घेताना क्वचित अपाय संभवतो. गर्भवती, नऊ महिन्यांखालचे मूल, अंड्याचे ज्यांना तीव्र वावडे आहे ते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे ते, यांचाही विचार वेगळा होतो. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. माझा रक्तदाब, माझी औषधे, सर्व कागद पुढे ठेवून डॉक्टरांशी अर्धा तास बोललो आणि मगच तारीख घेतली.

सांगलीकर : हे कलम शिरोधार्य. आणि हिवताप?

सातारकर : नैरोबी उंचावर असल्यामुळे तेथे त्याचा धोका थोडा, पण मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठचा प्रदेश येथे तो बारमाही आहे, आणि तेथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत पोचणारा. तुमच्यासारखे लोक म्हणतात, आपण डासांत वाढलो, आपल्याला काय होते? होते. गोळ्या कोणत्या हे डॉक्टर ठरवितील. त्या निघण्यापूर्वी सुरू होतात आणि परतल्यावरही, काही गोळ्या तर चार आठवडे, घ्याव्या लागतात. घरी आलो म्हणून मध्येच सोडावयाच्या नाहीत. सायंकाळनंतर पूर्ण बाह्या, रात्री मच्छरदाणी. आणि परतल्यावर, दोन-तीन महिन्यांनी जरी ताप आला, तरी मिरजेच्या डॉक्टरांपुढे बसताच पहिले वाक्य हे उच्चारावे की मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे. ते वाक्य न सांगितल्यामुळे डॉक्टर भलत्या तापाच्या मागे लागतात आणि मोलाचे दिवस जातात. तसेच व्हिक्टोरिया सरोवर कितीही मनोहर दिसले, तरी त्यात स्नान करू नये. गोगलगायींच्या आश्रयाने वाढणारे कृमी तेथल्या पाण्यात असतात आणि ते अखंड कातडीतून शरीरात शिरतात. कृष्णेत बुडी मारण्याची सवय कृष्णेपुरती ठेवावी.

हे सांगताना सातारकरांचा स्वर बदलला होता. प्रथम जी फर्द भीतीच्या पोटी लिहिलेली वाटली, तिच्यातून आता शिस्तीने जगलेल्या माणसाची काळजी बोलत होती. आणि सांगलीकरांनी आपल्या खिशातली लहान वही काढून चार ओळी टिपल्या, हे मी पाहिले.

सांगलीकर : शरीराच्या बाबतीत तुमचा हुकूम मान्य. आता शिदोरीकडे वळू. पीठ-डाळ नेऊ नका. नैरोबीत आपल्या लोकांची दुकाने शंभर वर्षांपासून आहेत; तूरडाळीपासून हिंगापर्यंत सर्व मिळते. चपाती हा शब्द तर तेथल्या आफ्रिकी घरांतलाच झाला आहे. सणासुदीला चपाती लाटतात आणि चहा दुधातच उकळतात. शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. मका आणि घेवडा एकत्र शिजवून गिथेरी करतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीचा थोरला भाऊ. आणि त्याबरोबर सुकुमा विकी नावाची पालेभाजी. सुकुमा विकी याचा अर्थ 'आठवडा पुढे ढकल'. महिनाअखेरीस ज्या भाजीवर घर तरते तिला त्यांनी दिलेले हे नाव ऐकून मला आपल्या पिठल्याची आठवण झाली.

सातारकर : लाडू आणि चिवडा तरी नातीच्या आईसाठी नेणारच.

सांगलीकर : अवश्य न्या, पण डब्यात आणि कापडी पिशवीत. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि ती नावापुरती नाही; बनविणाऱ्याला आणि विकणाऱ्याला जबर दंड आणि कैदेची शिक्षा आहे. विमानतळावर आपल्या पिशव्या काढून ठेवाव्या लागतात. अभयारण्यांत तर पाण्याची एकदा वापरून फेकण्याची बाटलीही चालत नाही. धातूची बाटली बरोबर असू द्या. आणि ताजी फळे, रोपे, बियाणे नेऊ नका. त्यांच्या शेतीला आपली कीड लागू नये, हेही एक प्रकारचे लसीकरणच.

सातारकर : परवाना?

सांगलीकर : जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आहे, त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवाना निघण्याच्या तीन दिवस तरी आधी घ्यावा लागतो. केनियाबरोबर युगांडा आणि रवांडाही पाहावयाचे असतील, तर तिन्ही देशांना मिळून नव्वद दिवसांचा एकत्र व्हिसा आहे. मुंबईहून सुमारे सहा तासांचे उड्डाण. तेथले घड्याळ आपल्यामागे अडीच तास. पैसा फारसा रोख बाळगू नका. २००७ पासून तेथे एम-पेसा नावाची पद्धत आहे. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वजण भ्रमणध्वनीवरून पैसे देतात-घेतात. आपल्याकडे जे अलीकडे रुळले, ते त्यांच्याकडे आपल्या कितीतरी आधीपासून आहे. एकेकाळी मात्र देणेघेणे आपल्याच नाण्यात होते. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत रुपयाच चालत असे.

सातारकर : हे सर्व ठीक. पण शेवटच्या कलमाचे काय? नैरोबीत लूटमार होते असे मी ऐकतो. ते खोटे?

सांगलीकर : खोटे नाही. अंधार पडल्यावर पायी हिंडू नये. आणि विषुववृत्तावर संधिप्रकाश थोडका असतो, साडेसहाला सूर्य बुडाला की पाठोपाठ काळोख होतो, म्हणून फिरावयास निघताना परतीची वेळ आधी धरावी. सोन्याची साखळी, मंगळसूत्र, उघड्या हातातला फोन यांचे प्रदर्शन करू नये. वाहन घरच्यांनी बोलावलेले असावे. विमानतळ, सरकारी कचेऱ्या, लष्करी ठिकाणे यांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि माणसाचे घ्यावयाचे तर त्याची अनुमती घ्यावी. मुंबईत नवखा माणूस जेवढे जपून वागतो तेवढे पुरे. परंतु तुमच्या कलमात 'माणसाशी बोलू नये' असे आहे. मुंबईस जाताना तुम्ही असे कलम लिहिता का?

सातारकर : मुंबईतली भाषा मला कळते.

सांगलीकर : तर मग ही भाषाही तुम्हाला निम्मी कळते, आणि ती सुद्धा तुमच्या कचेरीतली! सरकारला स्वाहिलीत 'सेरिकाली' म्हणतात. हिशेबाला 'हेसाबु', वकिलाला 'वकीली', खजिन्याला 'हझिना', विम्याला 'बिमा', सहीला 'सहीही', दुकानाला 'दुका', बंदराला 'बंदारी', साबणाला 'साबुनी'. जमिनीच्या दस्तऐवजाला 'हाती' म्हणतात. तुमच्या खरेदीखतातले खत तेच. फारशी-अरबी शब्द ज्या गलबतांतून आपल्या बंदरांत उतरले, त्याच दर्यावर्दी व्यापाराने ते मोंबासा-झांझिबारलाही नेले. नोव्हेंबरपासून ईशान्येच्या वाऱ्यावर जावयाचे आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतावयाचे, असा तो शतकानुशतकांचा परिपाठ होता. मराठ्यांच्या दप्तराची भाषा आणि स्वाहिली या दोन मावसबहिणी आहेत.

सातारकर : (हलकेच) सेरिकाली... हेसाबु... हझिना...

सांगलीकर : आणि वेळ तर पूर्णपणे आपल्या आजोबांची. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. माझ्या पहिल्या खेपेस मी नव्यानेच शिकलेल्या स्वाहिलीत टॅक्सीवाल्याला 'सा तातु', म्हणजे तीन वाजता, ये असे मोठ्या अभिमानाने सांगितले. मला दुपारचे तीन हवे होते. तो बिचारा सकाळी नऊला येऊन दारात उभा राहिला, कारण सूर्योदयापासूनचा तिसरा तास तो. मी अंघोळीत होतो. आपण पंचांगात अद्याप घटी-पळे सूर्योदयापासूनच मोजतो. पण आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात सूर्योदय तासाभराने मागेपुढे होतो, म्हणून घटिकेचा आणि घड्याळाचा मेळ बसत नाही. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून तेथे तो मेळ आपोआप बसतो. तेव्हा वेळ ठरविताना इंग्रजी तास की स्वाहिली तास, हे एकदा विचारून घ्यावे.

येथवर सातारकर प्रसन्न झालेले दिसत होते. पण मनात तळाशी बसलेला खडा अजून वर आला नव्हता. तो आता आला.

सातारकर : व्याही, शब्दांचे नाते मान्य. पण १९७२ साली युगांडात इदी अमीनने आपल्या हजारो लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन घराबाहेर काढले, हे मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होतो. दुकाने, कारखाने, घरे टाकून माणसे एका पेटीनिशी निघाली. ज्या भूमीत पिढ्या गेल्या तिने असे केले, तर माझी लेक तेथे कोणाच्या भरवशावर आहे?

सांगलीकर लगेच बोलले नाहीत. खालच्या गावातल्या राजवाड्याकडे त्यांची दृष्टी गेली, आणि मला वाटते, पुढचे बोलणे त्यांना तेथेच सुचले.

सांगलीकर : झाले ते अन्याय्यच, आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु आपण बसलो आहोत ते गाव कोणाचे, हे आठवा. औंधचे आटपाडी आणि कुंडल हे मुलूख आज माझ्या जिल्ह्यात, आणि औंध स्वतः तुमच्या. म्हणजे ही दोघांचीही मिरास. येथल्या राजांनी, सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार करणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्या कामी झटणारे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले.

सातारकर : ते राजपुत्र होते, त्यांना संरक्षण होते.

सांगलीकर : संरक्षण होते, आणि ते सोडून ते माणसांत गेले, हेच तर सांगतो. तेव्हा नैरोबीत शाळा, इस्पितळे, वस्त्या गोऱ्यांच्या, हिंदी लोकांच्या आणि आफ्रिकी लोकांच्या अशा तीन थरांत विभागलेल्या. हिंदी लोक मधल्या थरात, वरच्याकडे डोळे लावून आणि खालच्याकडे पाठ करून. त्यांना तेथे आणले कशाने? १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घालण्यासाठी बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून गेले. अडीच हजारांच्या जवळपास रोगाने, अपघाताने, त्सावोच्या सिंहांच्या दाढेत, कामी आले. काही हजार मागे राहिले आणि पुढे दुकानदार, कारागीर, कारकून झाले. कष्ट खरे, हक्क खरा. पण शेजाऱ्याशी नाते गल्ल्यापुरतेच. आप्पासाहेबांनी आपल्या घराचे दार आफ्रिकी पुढाऱ्यांना उघडले, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, आणि हिंदी रहिवाशांनी आफ्रिकी माणसाच्या आकांक्षेशी एकरूप व्हावे हे नेहरूंचे धोरण हिरिरीने मांडले. १९५२ च्या ऑक्टोबरात आणीबाणी पुकारून जोमो केन्याटांवर खटला भरला, तेव्हा बचावाच्या वकिलांत भारतातून गेलेले दिवाण चमनलाल होते. ब्रिटिश सत्तेला आप्पासाहेब डोईजड झाले आणि १९५४ मध्ये त्यांची तेथली कारकीर्द संपली. पण गांधीजींच्या स्मरणार्थ तेथल्या हिंदी लोकांनी उभारलेली विद्यासंस्था पुढे नैरोबी विद्यापीठाचे एक मूळ ठरली. आणि २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या रहिवाशांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. तुमच्या लेकीचा भरवसा कशावर, असे विचाराल, तर तो अशा माणसांनी जोडलेल्या नात्यावर. आवाराच्या भिंतीने तो मिळत नाही; भिंती युगांडातही होत्या.

आम्ही तिघेही काही वेळ गप्प होतो. मध्यस्थाला एकदा तरी बोलावे लागते, म्हणून मी म्हणालो ते असे : आपल्या भाषेत पथ्य आणि धास्ती असे दोन शब्द आहेत, आणि प्रवासाला निघणारा माणूस त्या दोहोंची गल्लत करतो. लस, गोळ्या, मच्छरदाणी, काळोखापूर्वी घरी परतणे, प्लास्टिक घरी ठेवणे, हे पथ्य. ते आपल्याबरोबर दुसऱ्यालाही राखते, आणि म्हणून त्यात एक सौजन्य असते. माणसाचे तोंड पाहण्याआधीच त्याच्याविषयी आपण जो निकाल देऊन ठेवतो, तो धास्तीचा. तिने ना कोणता रोग टळतो, ना चोरी. सांगलीकरांनी पथ्याला धास्ती समजून हसण्यावारी नेले होते, आणि सातारकरांनी धास्तीला पथ्याच्या यादीत नोंदवून ठेवले होते. दोघांच्या कागदांची रुजवात आज या पायऱ्यांवर झाली, हे बरे झाले.

सातारकरांनी मान डोलावली. पण त्यांना आणखी काही विचारावयाचे होते, आणि ते विचारताना ते माझ्याकडे किंवा व्याह्यांकडे न पाहता पायरीच्या दगडाकडे पाहत होते.

सातारकर : खरे सांगू? मला सिंहाची भीती नाही, तापाची नाही. लेक नोकरीवर जाते तेव्हा दिवसभर नात एका बाईच्या कडेवर असते. फोनवर मला त्या बाईचे नुसते हात दिसतात. ती कोण, कशी, मला काही ठाऊक नाही. आणि रात्री झोप लागत नाही.

सांगलीकर : मला ठाऊक आहे, मी दोन महिने तिच्या हातची उगाली खाल्ली आहे. ती मोंबासाकडची, तिची दोन मुले आजीजवळ किनाऱ्यावर वाढतात आणि ती आपल्या नातीला जोजावते. तुम्ही दारात उतराल, तेव्हा ती तुमच्यासमोर किंचित वाकून 'शिकामू' म्हणेल. किनाऱ्याकडे वडील माणसांना असेच अभिवादन करतात, आणि त्याचा मूळ अर्थ 'मी आपले पाय धरते' असा सांगतात. आपल्या सुना-लेकी वाकून पाया पडतात, तेच ते. त्यावर वडील माणसाने 'मरहबा' म्हणावयाचे असते. तुम्ही गप्प राहिलात, तर तिला वाटेल की नमस्कार नाकारला.

सातारकर : मरहबा.

सांगलीकर : हो. आशीर्वादासारखे, सावकाश.

आम्ही उठलो. वरच्या पायऱ्या चढताना सातारकर तो शब्द ओठांत घोळवीत होते. देवळाच्या दारापाशी ते थांबले, फर्द काढली, पेन्सिल काढली, आणि त्या बाईचे नाव काय म्हणून त्यांनी व्याह्यांना विचारले. सांगलीकरांनी नाव सांगितले. ते त्यांनी पुन्हा एकदा विचारून, अक्षर-अक्षर जुळवून, पारपत्राच्या क्रमांकाच्याही वर, कागदाच्या पहिल्या ओळीवर लिहिले, आणि मग यमाईपुढे हात जोडावयास आत गेले.